मावा खाणारी अळी

२००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या उसाची पानं मागून पांढरी दिसू लागली, पिंजलेला कापूस चिकटवावा तशी. हा लोकरी मावा. तोवर मुख्यतः ईशान्येकडच्या उसावर आढळणारी ही कीड इथून शेजारच्या जिल्ह्यांत आणि मग कर्नाटकात पसरली.

माव्याच्या मादीला नर लागत नाही. ती थेट पिल्लंच देते, त्यामुळे थोडक्या दिवसांत पानाची मागची बाजू भरून जाते. शोषलेल्या रसातला जादा गोडवा चिकट थेंबांनी खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि पानाला ऊन मिळेनासं होतं. ऊस खुरटतो, साखरेचा उताराही घटतो.

मग फवारणी आलीच. पण डोक्याच्या वर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरायचं कसं? पानांच्या कडांनी हातपाय कापतात, आणि मावा बसलेला पानाच्या मागे, मेणाच्या लोकरीखाली.

माव्यामागोमाग उसात एक अळीही दिसू लागली. अळी म्हटली की शेतकऱ्याला खोडकिडा आठवतो, पोंगा वाळलेला दिसतो, आणि हात औषधाच्या डब्याकडे जातो. ही अळी मात्र उसाला तोंड लावत नाही. पतंगांच्या बहुतेक अळ्या पाला किंवा खोड खाऊन जगतात. ही चक्क मांसाहारी. मला तिचं फार अप्रूप वाटतं. तिचा पतंग माव्याच्या घोळक्यातच अंडी घालतो. अळी रेशमाचं विरळ जाळं विणते आणि त्याच्या आडून मावा फस्त करत जाते. शेतकरी तिला कोनोबाथ्रा म्हणतात. शास्त्रज्ञ आता डिफा म्हणतात.

तिच्या जोडीला मायक्रोमस नावाचा नाजूक, तपकिरी, जाळीदार पंखांचा कीटक आहे. त्याची अळीही मावा खाते आणि प्रौढही. एन्कार्सिया ही इवलीशी गांधीलमाशी माव्याच्या अंगातच अंडी घालते. ती ईशान्येकडून मुद्दाम आणून सोडली गेली.

कोनोबाथ्राच्या हेक्टरी १००० किंवा मायक्रोमसच्या २५०० अळ्या सोडाव्यात, अशी शिफारस आहे. त्यानंतर त्या शेतात कीटकनाशक मारायचं नाही, कारण लोकरीचं कवच माव्याला असतं, या अळ्यांना नसतं. त्या आणायलाही फार लांब जावं लागत नाही. ज्या फडात त्या भरपूर आहेत तिथली अळ्या-कोषांसकटची पानं कापायची आणि त्यांचे तुकडे आपल्या उसाच्या पानांना, जिथे मावा दाट असेल तिथे, बांधून यायचं.