न हसणारा विनोदवीर : बस्टर कीटन

मूकपटांचा विषय निघाला की आपण मुलांना चार्ली चॅप्लिनच सांगतो. त्याच्याच तोडीचा बस्टर कीटन राहून जातो.

त्याचा जन्म 4 ऑक्टोबर 1895 रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात झाला. आईवडील गावोगाव फिरून खेळ करणारे कलाकार. वडील या लहानग्याला स्टेजवर चक्क फेकायचे आणि लोक हसायचे! (आज आपण हे बघून गप्प बसलो असतो का?) आपण हसलो तर प्रेक्षक कमी हसतात, हे त्याला तिथेच कळलं. म्हणून चेहरा कायम निर्विकार.

1917 साली तो सिनेमात आला, 1920 पासून स्वतःचे चित्रपट दिग्दर्शित करू लागला. 'स्टीमबोट बिल ज्युनियर' (1928) मधला प्रसंग मुलांना जरूर दाखवा. वादळात घराची अख्खी भिंत त्याच्यावर कोसळते, पण तो नेमका उघड्या खिडकीच्या जागी उभा असतो. भिंत खरीच पाडली होती. उभं राहायची जागा आधी मोजून ठरवलेली. थोडीशी चूक जिवावर बेतली असती. मोजमाप शिकवताना हे उदाहरण मी हमखास देते.

त्याच वर्षी त्याने एमजीएम कंपनीशी करार केला आणि सगळे निर्णय कंपनीच्या हातात गेले. दारू वाढली, 1933 मध्ये काम गेलं. बोलपटांनी त्याला संपवलं असं म्हणतात, मला पटत नाही. त्याचे बोलपट चालले होते. गेलं होतं ते स्वातंत्र्य.

1952 च्या 'लाइमलाइट'मध्ये तो चॅप्लिनसोबत दिसला, 1960 साली मानद ऑस्कर मिळालं. 1966 मध्ये तो गेला. 'द जनरल' (1926) तेव्हा पडला होता, आज तो उत्तम विनोदी चित्रपटांत गणला जातो. पहिलीच्या मुलांनाही समजतो, मधल्या पाट्या तेवढ्या वाचून दाखवा.