वडिलांचा जुना फोटो कोणत्या कागदावर छापावा?

आमच्या धामणगाव बढे येथील जुन्या घरांतून माळ्यावरची पेटी उघडली, कीं पिवळ्या पडलेल्या फोटोंबरोबर कधीं कधीं निगेटिव्हची एखादी पट्टी किंवा काच हातीं लागते. आजोबांचें किंवा आत्याबाईंचें दुसरें चित्रच घरांत नसतें. तें पुन्हां छापून घ्यावयाचें, तर कागदाचा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

पहिला विचार प्रतीचा. कागद 0 पासून 5 पर्यंतच्या क्रमांकांनीं ओळखतात. लहान क्रमांक मृदु, मोठा कठीण. येथें विरुद्ध स्वभावांचेंच लग्न जमवावें लागतें. निगेटिव्ह मंद असेल तर कठीण कागद, भडक असेल तर मृदु. पांढऱ्या धोतराच्या निऱ्या व सांवळ्या चेहऱ्यावरील सुरकुत्या एकाच चित्रांत दिसल्या, म्हणजे निवड साधली. इल्फर्ड कंपनीनें 1940 सालीं मल्टिग्रेड कागद काढला. त्यावर पिवळ्या गाळणीनें मृदु व किरमिजी गाळणीनें कठीण चित्र उठतें. एका पुड्यांत सगळ्या प्रती मिळतात, म्हणून नवख्यानें हाच घ्यावा, असें आमचें मत आहे.

खरा पेंच पुढेंच आहे. एक कागद निव्वळ तंतूंचा, वर बेरियम सल्फेटचा शुभ्र थर असलेला; दुसरा दोन्हीं बाजूंनीं प्लॅस्टिकनें मढविलेला. दुसरा चार-पांच मिनिटांत धुवून निघतो व सपाट वाळतो. पहिला हायपो पिऊन बसतो आणि तो काढण्यास तासभर वाहतें पाणी लागतें. हायपोचा अंश राहिला कीं चित्र पिवळें पडतें. पेटींतल्या कित्येक फोटोंची तीच गत झालेली असते. तथापि नीट धुतलेल्या तंतुकागदाची टिकाऊपणांत बरोबरी नाहीं. प्लॅस्टिकच्या आरंभीच्या कागदांना तडे गेले, हेंही ध्यानांत ठेवावें. नातेवाइकांस वांटावयाच्या प्रती खुशाल प्लॅस्टिकवर काढाव्या; घरांत ठेवावयाची एक मात्र तंतुकागदावरच हवी.

पण पाण्याचें काय? मोताळा तालुक्यांत वैशाखांत घागर जपून वापरावी लागते. शिवाय डेव्हलपर सुमारें 20 अंशांवर ठेवावा लागतो, आणि उन्हाळ्यांत जिलेटिनचा थर मऊ पडतो. म्हणून हें काम मार्गशीर्ष-पौषांतील रात्रींचें. धुण्याच्या मध्यें सोडियम सल्फाइटच्या पाण्यांत कागद बुडविला, तर पाणी व वेळ दोन्हीं पुष्कळ वांचतात.

पूर्वीं उटकमंडची सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स ‘इंदु’ नांवाचा माल काढी. चांदीच्या क्षारावर चालणाऱ्या धंद्यास चंद्राचें नांव देणारा कोणी रसिकच असावा! 1960 सालीं स्थापन झालेला तो कारखाना आतां बंद आहे. इल्फर्ड किंवा फोमा यांचा परदेशी कागद मागवावा लागतो व तो महाग पडतो. यास्तव पूर्ण तावावर हात टाकूं नये. बोटभर रुंद तुकडा कापून त्यावर चेहऱ्याचाच भाग आधीं छापून पाहावा, आणि तो वाळल्यावर दिवसाच्या उजेडांत पारखावा. ओला कागद वाळल्यावर थोडा काळवंडतो.