काळ्या रंगाचे माहेर

काळा रंग आपल्या घरात मोठ्या अडचणीने नांदतो. बारशाला काळे नको, लग्नाला काळे नको, सणावाराला तर नकोच नको! आणि तरीही नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने खुलतात ते काळ्या चंद्रकळेवरच. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून लावावयाची तीट काळी, सौभाग्याचे मणी काळे आणि पंढरीचा राणाही सावळाच. म्हणजे काळ्याशी आपले वैर नाही. त्याने कोणत्या दिवशी घरात यावे, एवढे मात्र आपण ठरवून ठेवले आहे.

न ठरवलेल्या दिवशी तो आला की घर हादरते. एखाद्या साध्या मंगळवारी मुलगी पायघोळ काळा झगा घालून, ओठ आणि नखे काळी करून माजघरात उभी राहते, आणि आईच्या तोंडून निघते, "अगं, कोण गेलं?"

कोणी गेलेले नसते. ह्या वेषाला ‘गॉथ’ म्हणतात. मूळचे गॉथ म्हणजे इ. स. 410 मध्ये रोम लुटणाऱ्या टोळ्या. पुढे इटलीतील विद्वानांनी मध्ययुगीन उंच, टोकदार कमानींच्या इमारतींना ‘गॉथिक’ म्हटले ते ‘रानटी’ ह्या अर्थाने. शिवीचा पुढे अलंकार झाला. मुंबईचे बोरीबंदर स्टेशन, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ह्याच शैलीच्या व्हिक्टोरियन अवताराचे लेणे आहे. 1764 साली होरेस वॉलपोलने पडक्या किल्ल्यांच्या भयकथांची वाट पाडली. तिच्यावरूनच 1818 चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि 1897 चा ‘ड्रॅक्युला’ आले. 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडातील तरुण गायक-वादकांनी हे सारे वेषात आणि सुरांत आणले. 1982 साली लंडनमध्ये ‘बॅटकेव्ह’ नावाचा क्लब निघाला, आणि ‘ड्रॅक्युला’मध्ये आलेल्या व्हिटबी गावी 1994 पासून ह्या मंडळींचे मेळे भरू लागले.

हे लोण राजुऱ्यापर्यंत यावे ह्याचे नवल वाटते खरे. वर्धा नदीच्या पलीकडे बल्लारपूर, अलीकडे आमचे राजुरा. आसपास कोळशाच्या खाणी, म्हणजे काळ्याची येथे वाण नाही! पण ओळखीचा प्रश्न मात्र येथे जुना आहे. हा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग नांदेडला जोडला गेला आणि 1959 साली चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, आला. घर न हलवता माणसांचा पत्ता तीन वर्षांत दोनदा बदलला! मराठी, तेलुगू आणि गोंडी एकाच बाजारात ऐकू येते. "तुम्ही कुठले?" ह्या प्रश्नाला येथे एका शब्दात उत्तर देणे अवघडच.

माझ्या वर्गातील एका मुलीने हा वेष पत्करला आहे. तिने परदेशी कपडे मागवले नाहीत. जुना पोशाख काळा रंगवून घेतला, काजळ घरचे वापरले आणि आजीची चांदी गळ्यात घातली. वर्गात कधी न बोलणारी ही मुलगी आता प्रश्न विचारते. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "सर, आधी मी दिसतच नव्हते." तिच्या आजीच्या हातांवर कोपरापर्यंत गोंदण आहे. नातीकडे पाहून आजी म्हणाल्या, "आमच्या वक्ती सुईनं टोचत होते बाई, हिचं तं धुतलं का निंगते!"

आजींचे बोलणे वरवर थट्टेचे आहे. पण दागिने येथेच राहतात आणि गोंदण तेवढे बरोबर येते, अशी आपल्याकडची जुनी श्रद्धा आहे. भामरागडकडचे माडिया गेलेल्या माणसासाठी शिळा उभ्या करतात. चंद्रपुरात राणी हिराईने बीरशहाची समाधी बांधली, ती आजही लोक पाहावयास जातात. मृत्यूकडे डोळे उघडून पाहणे आपल्या मातीला परके नाही.

परक्या वेषाची भीती मात्र जीवघेणी ठरू शकते. 2007 साली इंग्लंडातील बेकप गावी सोफी लँकेस्टर ह्या वीस वर्षांच्या मुलीला, ती गॉथ दिसते एवढ्यावरून, बागेत मुलांनी इतके मारले की ती त्यातून उठली नाही. 2013 मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद द्वेषाचे गुन्हे म्हणून करण्यास सुरुवात केली. आपल्याकडे मार पडत नसेल, पण "हिचे लग्न कसे जमायचे?" हा एकच प्रश्न दररोज ऐकावा लागला तर मन कोमेजण्यास तेवढा पुरतो.

आईबापांची काळजी मी खोटी म्हणत नाही. मूल जेवेनासे झाले, रात्ररात्र जागू लागले, जुन्या मैत्रिणी टाळू लागले, तर वेळ न दवडता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मग त्याचा पोशाख गुलाबी का असेना! केवळ काळा रंग हे दुःखाचे लक्षण नव्हे. तरुणांनीही एक ध्यानात ठेवावे, की वेगळेपणाचाही गणवेष होऊ शकतो. कपड्याने ओळखीचे दार उघडते. आत आपले म्हणून काही असावे लागते. त्या मुलीपाशी आता प्रश्न आहेत, हे मला तिच्या पोशाखाहून मोलाचे वाटते.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाला बसताना घरातील एखादे काळे ध्यान कोपऱ्यात दिसले, तर त्याला कपडे बदलून ये असे सांगण्याआधी चकलीची बशी पुढे करा आणि दोन शब्द बोला. लक्ष्मीपूजनही आपण अमावास्येलाच करतो.