कोरड्या नदीतली होड्यांची शर्यत



"नदीत थेंबभर पाणी नाही, तरी तिथे होड्यांची शर्यत झाली. कशी?" हा प्रश्न पाचवी-सहावीच्या वर्गात विचारून बघा. कोणी होडीला चाकं लावेल, कोणी टँकर मागवेल. खरं उत्तर फार सोपं आहे. होडीचा तळच काढून टाकायचा, आत उभं राहून होडी दोन्ही हातांनी उचलायची आणि वाळूतून पळत सुटायचं!

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी अ‍ॅलिस स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. वर्षभराचा पाऊस सरासरी 280 मिलीमीटरच्या आसपास. गावातली टॉड नदी नकाशात निळी दिसते, पण वर्षातले बहुतेक दिवस तिच्या पात्रात नुसती वाळू असते. इंग्लंडमध्ये थेम्स नदीवर हेन्ली इथे 1839 पासून नौकानयनाच्या नामांकित शर्यती होतात. त्यांची गमतीदार नक्कल म्हणून 1962 साली इथे 'हेन्ली-ऑन-टॉड' सुरू झाली. कल्पना तिथल्या हवामान खात्यातल्या रेज स्मिथ यांची. नदी कोरडी राहणार हे हवामान खात्याइतकं कोणाला ठाऊक असणार! 1993 मध्ये मात्र नदीला खरंच पाणी आलं आणि पाण्यामुळे होड्यांची शर्यत रद्द करावी लागली.

या शर्यतीत हौशी लोकांचे संघ उतरतात, आलेले पर्यटकही भाग घेतात. शेवटी गाड्यांवर उभारलेल्या लुटुपुटूच्या जहाजांची लढाई होते. तिथे दारूगोळा म्हणजे पिठाचे गोळे आणि पाण्याचे फवारे. सगळा व्याप रोटरी क्लबचे स्वयंसेवक सांभाळतात आणि जमलेला पैसा समाजोपयोगी कामांना जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. मदतीसाठी पैसे उभे करायचे, तर साधा क्रिकेटचा सामना का नको? विचित्र खेळाचे तीन फायदे आहेत.

पहिला, तळ नसलेल्या होडीतून पळण्याचा सराव कोणीच केलेला नसतो. त्यामुळे कसलेला खेळाडू आणि कधी मैदानावर न उतरलेला माणूस जवळपास एकाच रेषेवर येतात. दुसरा, सगळ्यांनी एकच होडी धरलेली असते. एकटा जोरात पळाला तर बाकीचे वाळूत आपटतात, म्हणून पावलं जुळवावीच लागतात. तिसरा, लोकांना ही गंमत बघायला आवडते आणि बघणारे वाढले की निधी वाढतो.

शाळेत आपण निधी जमवतो तेव्हा बहुतेक वेळा काय करतो? मुलांच्या हातात पावतीपुस्तक देतो. मग कोणी किती आणले याची यादी होते. ज्याच्या घरी पन्नास रुपयेही जड आहेत, ते मूल त्या दिवशी मान खाली घालून बसतं. मदतीचा धडा शिकवताना त्याच वर्गातल्या एका मुलाला आपण कमीपणा देतो. खेळातून निधी उभा केला तर त्या मुलालाही देण्यासारखं काहीतरी असतं: त्याची मेहनत, त्याची कल्पना, त्याचे पाय. वर्गणी मोठ्यांनी स्वखुशीने पेटीत टाकावी, नाव आणि रक्कम जाहीर करू नये.

खर्च फार नाही. जुन्या खोक्यांचे तळ कापून दोऱ्या बांधा, चार-चार मुलांची 'होडी' तयार. संघ चिठ्ठ्या टाकून पाडा, म्हणजे नेहमी शेवटी निवडलं जाणारं मूल यावेळी उरणार नाही. मैदान मऊ मातीचं निवडा, दगड-काचा आधी वेचून घ्या.

नंतर हिशेब मुलांकडूनच करून घ्या. समजा पेटीत 1200 रुपये जमले आणि खर्च 350 झाला, तर मदतीला उरले 850. हा हिशेब फळ्यावर लिहा. पैसे कोणासाठी जमवतोय हे आधीच ठरवा आणि ते पोहोचल्यावर मुलांना आवर्जून सांगा. आपल्या पळण्यातून कोणाची वह्या-पुस्तकं आली हे कळलं, की पुढच्या वर्षी मुलंच विचारतील, "सर, यंदा कोणासाठी पळायचं?"