प्रोसेसर कोणता, हे विचारायचं कुणाला?

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात 'प्रॉक'खाली 'सीपीयूइन्फो' नावाची एक फाइल दिसते. डिस्कवर ती कुठेच नसते. कुणी उघडली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच क्षणी मजकूर तयार करून देतं. इंटेलच्या लॅपटॉपवर या फाइलीत कंपनी, मॉडेलचं पूर्ण नाव, वेग, कॅशचा आकार असं सगळं वाचायला मिळतं. तीच फाइल ६४-बिट प्रणालीच्या रास्पबेरी पाय ४ वर उघडली, तर प्रोसेसरचं नाव गायब! तिथे नावाच्या जागी 'सीपीयू इम्प्लिमेंटर ०एक्स४१' आणि 'सीपीयू पार्ट ०एक्सडी०८' एवढंच.

याचं मूळ चिपमध्येच आहे. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरला 'सीपीयूआयडी' ही सूचना दिली, की तो 'जेन्युइनइंटेल' किंवा 'ऑथेंटिकएएमडी' अशी बारा रोमन अक्षरं स्वतःहून परत करतो. पुढच्या चिपांमध्ये मॉडेलचं पूर्ण नावही साठवलेलं असतं. रास्पबेरी पायमध्ये असते तशा आर्मच्या चिपमध्ये नाव नसतंच. एका रजिस्टरमध्ये फक्त संकेतांक असतात. ०एक्स४१ म्हणजे दशमान पद्धतीत ६५, आणि आस्की तक्त्यात ६५ म्हणजे कॅपिटल 'ए', म्हणजे आर्म. क्वालकॉमचा ०एक्स५१ म्हणजे 'क्यू'. डी०८ म्हणजे कॉर्टेक्स-ए७२, हे मात्र यादीत शोधल्याशिवाय कळत नाही.

बाकीच्यांचीही तऱ्हा वेगळी. रिस्क-फाइव्हवर 'हार्ट' आणि 'आयएसए' अशा ओळी येतात, तर स्पार्कवर प्रोसेसरांची संख्या 'एनसीपीयूज ॲक्टिव्ह' या नावाने मिळते. आर्मच्या घरातही एकवाक्यता नाही. एकाच वेळी अनेक आकड्यांवर गणित करण्याची सोय ३२-बिट फाइलीत 'निऑन' असते, ६४-बिटमध्ये 'एसिम्ड'. कर्नलमध्ये ही फाइल लिहिणारा कोड प्रत्येक आर्किटेक्चरचा स्वतंत्र आहे, त्यामुळे ज्याने त्याने आपापल्या सोयीने मांडणी केली.

मग सगळ्यांना एकच साचा का लावत नाहीत? कारण माणसांनी वाचावी म्हणून केलेली ही फाइल आता असंख्य प्रोग्रॅम वाचतात. आर्मच्या फाइलीतून 'बोगोमिप्स' हा आकडा निरुपयोगी म्हणून काढून टाकला होता. चिपचा खरा वेग त्यातून कळतच नव्हता. तरी काही प्रोग्रॅम त्यावाचून अडले आणि २०१५ च्या सुरुवातीला ती ओळ परत आणावी लागली. वापरकर्त्यांचे चालू प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, हा लिनक्स कर्नलचा दंडकच आहे.

छापून आलेल्या नावावर भिस्त ठेवणंही धोक्याचं. ॲपलच्या एम१ मॅकवर 'रोझेटा २'मधून इंटेलसाठीचा प्रोग्रॅम चालवला, तर त्याला कंपनीचं नाव 'व्हर्च्युअलॲपल' असं मिळतं. २०२१ च्या इंटेल कोअर आय९-१२९००के मध्ये आठ मोठे आणि आठ छोटे असे १६ कोअर असले, तरी लिनक्सला २४ प्रोसेसर दिसतात, कारण प्रत्येक मोठा कोअर दोन थ्रेड चालवतो. ओळी मोजून कोअरची संख्या ठरवणारा तिथे हमखास फसतो.

म्हणून एकसारखेपणा फाइलीच्या वर, वेगळ्या थरात आणला जातो. 'एलएससीपीयू' ही आज्ञा निरनिराळ्या ठिकाणांहून माहिती गोळा करते आणि जवळपास एकाच साच्यात मांडते. प्रोग्रॅमांसाठी जेसन स्वरूपातही देते. आर्मच्या संकेतांकांची यादी तिच्यातच असल्याने पाय ४ वर 'कॉर्टेक्स-ए७२' असं नाव दिसतं. एखादी सुविधा आहे की नाही एवढंच हवं असेल, तर प्रोग्रॅम सुरू होताना कर्नल देत असलेली 'एचडब्ल्यूकॅप'ची यादी पुरते. मात्र नवा कोअर बाजारात आला, की 'एलएससीपीयू'च्या यादीत त्याची भर कुणीतरी हाताने घालावी लागते. तोवर, किंवा जुनीच आवृत्ती वापरणाऱ्याच्या यंत्रावर, नव्या कोअरचं नाव उमटत नाही.