भरती-ओहोटीच्या घड्याळावर अलिबाग

दोस्तांनो, सुट्टीत अलिबागला जायचं ठरलं, की आधी काय पाहाल? एस.टी.चं वेळापत्रक? नाही. आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि त्या दिवशीची तिथी बघा! कारण अलिबागचा कुलाबा किल्ला आहे समुद्रात. ओहोटीला तिथे वाळूतून चालत जाता येतं आणि भरतीला त्याच वाटेवर पाणी खेळत असतं.

कोकणात यासाठी एक सोपं गणित आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, की भरतीची वेळ आली. समजा, चतुर्थी आहे. चारची पाऊणपट तीन. म्हणजे पूर्ण भरती साधारण तीन वाजता, पहाटे आणि पुन्हा दुपारी. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या सुमारास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशोब तोच. आणखी एक गंमत. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटीला पाणी खूप मागे हटतं. अष्टमीच्या आसपास मात्र तितकं हटत नाही. म्हणून किल्ल्यासाठी तृतीया-चतुर्थीची सकाळ झकास!

पण हे गणित अंदाजाचं हं! किनाऱ्यावरच्या कोळीदादांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघायचं आणि पाणी परत चढू लागायच्या आत किनाऱ्याला लागायचं. "अजून पाचच मिनिटं," असं समुद्राला सांगून चालत नाही. पावसाळ्यात तर हा बेत नकोच.

चुन्याशिवाय तट

किल्ल्याजवळ पोचलात की तटाचे दगड नीट बघा. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेले दिसतील. मधे चुना नाही! लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला.

आत गेल्यावर गोड्या पाण्याची विहीर शोधा. चहूकडे खारा समुद्र आणि मधे पिण्याचं पाणी! ते नसतं, तर वेढा पडल्यावर शिबंदी किती दिवस तगली असती? जवळच राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. पुढे तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा दिसतील. त्यांच्यावर १८४९ साल आणि इंग्लंडमधल्या कारखान्याचं नाव कोरलंय. आता सांगा, या तोफा आंग्र्यांच्या लढायांतल्या असतील का? आंग्र्यांचं संस्थान इंग्रजांनी १८४० साली खालसा केलं होतं. म्हणजे उत्तर तुमचं तुम्हालाच मिळालं!

खऱ्या लढाईचं साल आहे १७२१. इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. तेव्हा इथे होते सरखेल कान्होजी आंग्रे. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. पण आपल्या समुद्रातून जायचं तर आपला परवाना घ्या, एवढंच कान्होजींचं म्हणणं होतं. १७२९ साली ते वारले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. किल्ल्यावरून आलात की तिथे जरूर जा.

ट्रामला घाबरलेली सुई

अलिबागला एक वेधशाळाही आहे. पण ती ताऱ्यांची नाही, पृथ्वीच्या चुंबकत्वाची! पूर्वी हे काम मुंबईच्या कुलाब्याला चालायचं. (हा कुलाबा वेगळा बरं का!) तिथल्या उपकरणांनी १८५९ सालच्या प्रचंड सौर वादळाचीही नोंद केली होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेचा प्रवाह वाहिला की आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मग नाजूक सुया पृथ्वीचं ऐकणार की ट्रामचं?

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी ट्राम येण्याआधीच अलिबागची शांत जागा निवडली. लोखंडाचा अंशही भिंतीत नको, म्हणून दगडसुद्धा पारखून घेतला. १९०४ साली काम सुरू झालं. आणि लगेच मुंबईचं बंद केलं का? नाही! १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांतला फरक कळला, म्हणून जुन्या आणि नव्या नोंदी एकमेकींना जोडता आल्या. ती साखळी आजही चालू आहे. वेधशाळा पाहायची असेल, तर तुमच्या बाईंना किंवा सरांना शाळेतर्फे आधी पत्र पाठवून विचारायला सांगा.

गावातून रमतगमत

दुपारी गावातून फिरा. इथे ज्यू लोकांचं जुनं प्रार्थनास्थळ आहे. कोकणातले हे बेने इस्रायली पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी सुट्टी पाळत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी! बरेचजण पुढे इस्रायलला गेले आणि मराठीही बरोबर घेऊन गेले.

उन्हाळ्यात गेलात तर बाजारात पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतील. आईला एक वेणी घ्यायला सांगा. हा कांदा इतका गोडसर, की नुसता भाकरीबरोबर खावा.

आणि हो, "अलिबागहून आलास का?" असं कुणाला चिडवायची खोड आहे ना आपल्याकडे? त्यावर बंदी घाला म्हणून एकजण थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. २०१९ साली न्यायालयाने ती याचिका फेटाळली. पण तुम्ही अलिबाग पाहून आलात, की हा प्रश्न ऐकून ताठ मानेने "हो!" म्हणाल.

मग काढा कॅलेंडर. आज तिथी कोणती? पाऊणपट करा बघू!