जुन्या जीपचा, पद्मिनीचा रेडिएटर बदलताना

नागपूर–तुळजापूर महामार्गावरच्या आर्णीत मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी (१,०८९ सीसी) असो की जुनी जीप, रेडिएटरची खरी परीक्षा तेव्हाच.

- तांबे-पितळ: मूळ घडण. वजनदार. गळती झाळून बंद होते.
- ॲल्युमिनियम: हलका. उष्णता वाहून नेण्यात तांब्याहून कमी. रुंद नळ्या ही उणीव भरून काढतात. साधी झाळ धरत नाही.
- मापं: जाळीची उंची, रुंदी, जाडी, होजच्या तोंडांचा व्यास आणि बाजू. पंख्यापासूनचं अंतर हमखास विसरलं जातं.
- झाकण: मूळ दाबाचंच. जास्त दाबाने उकळबिंदू वाढतो, पण जुने होज फुटतात.
- कूलंट: निम्मं पाणी, निम्मं एथिलीन ग्लायकॉल. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार धरतो.